पदपथावरची माणसे आणि पडून राहिलेला पैसा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)



आजच्या चर्चेसाठी जे टिपण आपल्याला वाटले गेले आहे त्यात ‘निधीअभावी’ हा शब्द तीन वेळा आला आहे. निधीअभावी निवारे उभे राहिले नाहीत, निधीअभावी सर्वेक्षण झाले नाही, इत्यादी. मी त्याच शब्दापासून सुरुवात करतो, कारण तो खरा नाही. शासनाने तो वापरला तर समजू शकते. आपणही तो वापरू लागलो तर आपली मागणीच चुकीच्या जागी जाऊन बसते.

थोडा इतिहास सांगतो. २०१० च्या जानेवारीत, दिल्लीत कडाक्याची थंडी असताना, अन्नाच्या हक्काच्या खटल्यातील आयुक्तांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून उघड्यावर झोपणाऱ्यांची स्थिती कळवली. त्यातून जे आदेश निघाले ते पुढे सर्व राज्यांना लागू झाले. मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही केवळ हिवाळ्यापुरता नव्हे, तर बारा महिने आणि दिवसरात्र उघडा, असा दंडक ठरला. २०१३ मध्ये केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात ‘नागरी बेघरांसाठी निवारा’ हा स्वतंत्र घटक आला आणि त्याला पैसाही मिळाला. बांधकामाचा तीन चतुर्थांश खर्च केंद्राने उचलायचा, उरलेला राज्याने; पुढे हे प्रमाण साठ-चाळीस झाले. माणशी किमान पन्नास चौरस फूट जागा, पाणी, संडास, न्हाणीघर, स्वयंपाकाची सोय, शिधापत्रिका आणि ओळखपत्र मिळवून देण्याची जबाबदारी, हे सारे मार्गदर्शक सूचनांत लिहिलेले होते. निवारा बेघरांची वस्ती जिथे दाट आहे तिथे, स्टेशन, बसस्थानक, बाजार यांच्या जवळ असावा, असेही होते. कागद वाचला तर कोणाही समाजवाद्याला त्यात फारसे वावगे सापडणार नाही.

आणि मग काय झाले? २०१६ मध्ये याच न्यायालयाला नोंदवावे लागले की राज्यांकडे निधी पोहोचूनही तो खर्च होत नाही आणि मंजूर निवारे प्रत्यक्षात उभे राहत नाहीत. खरी स्थिती पाहण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. म्हणजे दुष्काळ पैशाचा नव्हता. विहिरीला पाणी होते, पोहरा टाकायला कोणी तयार नव्हते.

मुंबईचा हिशेब अगदी सरळ आहे. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. लाखाला एक म्हणजे किमान १२४ निवारे हवेत. त्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतही हे शहर कित्येक वर्षे पोहोचले नाही. आणि हे शहर म्हणजे देशातील सर्वांत श्रीमंत महानगरपालिकेचे शहर!

हे का होते, याची कारणे मी गेल्या काही वर्षांत कार्यालयांचे उंबरे झिजवताना ऐकली आहेत. जागा नाही. जागा असली तर तिच्यावर दुसरे आरक्षण आहे. आरक्षण नसले तर शेजारच्या सोसायट्यांचा विरोध आहे. एका अधिकाऱ्याने तर मला अत्यंत सौम्यपणे सांगितले, “अहो, हे लोक तिथे येतच नाहीत.” मी म्हटले, बाजारात पहाटे तीन वाजता टोपली उचलणारा माणूस शहराच्या टोकाला, खाडीकाठी बांधलेल्या निवाऱ्यात झोपायला जाईल कसा? त्याची झोप त्याच्या कामाच्या शेजारीच असते. म्हणून तर तो पदपथावर आहे. त्यावर चहा आला.

चालवण्याच्या खर्चाचेही पाहा. मूळ सूचनांत पन्नास माणसांच्या निवाऱ्यासाठी वर्षाला सहा लाख रुपये धरले होते, तेही पाच वर्षांपुरते. भागाकार करा: माणशी दिवसाला तेहतीस रुपयांच्या आत. त्यात रखवालदार, सफाई, वीज, पाणी आणि व्यवस्थापकाचा पगार. पाच वर्षांनंतर काय, याचे उत्तर नगरपालिकेने स्वतःच्या अंदाजपत्रकात शोधायचे. तेव्हा ज्या नगरपालिकेला मुळातच इच्छा नाही तिला हात झटकण्याचे निमित्त योजनेनेच पुरवले, हेही मान्य केले पाहिजे. तरतूद पुरेशी होती असे माझे म्हणणे नाही. पण अपुरी तरतूदसुद्धा जिथे पडून राहते, तिथे नुसती ‘अधिक तरतूद करा’ ही मागणी शासनाला सर्वांत सोयीची असते.

दुसरी गोष्ट, बेघर म्हणजे कोण? भिकारी, व्यसनी, घरातून पळालेला, अशी एक सुटसुटीत कल्पना सुशिक्षितांच्या मनात असते आणि आपल्यापैकी काहींच्याही मनात ती असावी. परळला टाटा रुग्णालयाच्या बाहेरचा पदपथ पाहा. बिहार-बंगालपासून विदर्भापर्यंतची कुटुंबे उपचार चालू असेपर्यंत तिथे महिनोन्महिने ताडपत्रीखाली राहत आली आहेत. पारधी समाजाची कुटुंबे पाहा. इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या या जमातीला गावात जमीन नाही, शहरात छप्पर नाही. नाक्यावर उभे राहणारे बिगारी, लग्नसराईत दिवे डोक्यावर धरणारे, कागद-काच वेचणाऱ्या बाया, ही सगळी कष्टकरी माणसे आहेत. २०२५ च्या फेब्रुवारीत बेघरांच्या निवाऱ्याच्याच खटल्यात खंडपीठाकडून विचारणा झाली की फुकटच्या योजनांमुळे माणसे कामाला तयार होत नाहीत, असे तर नव्हे ना? न्यायासनाचा मान राखून एवढेच म्हणतो की हा प्रश्न एकदा रात्री दोन वाजता भायखळ्याच्या भाजीबाजारात विचारून पाहावा.

याउलट कायदा काय म्हणतो? १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियमात ‘भीक मागणे’ याच्या व्याख्येत, उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी अशा स्थितीत वावरणे की हा भिकेवर जगत असावा असे वाटेल, एवढेसुद्धा बसते. म्हणजे फाटके कपडे हाच पुरावा! पहिल्या वेळी एक ते तीन वर्षांची कोठडी. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या या कायद्याच्या मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. तो कायदा ज्या मुंबईचे नाव मिरवतो त्या मुंबईतून त्याच्या रद्दीकरणाची जोरदार मागणी का उठू नये? एक हात निवाऱ्याला अनुदान देतो आणि दुसरा हात त्याच माणसाला गाडीत घालतो.

या गाडीची आठवण मुंबईला जुनी आहे. १९८१ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथवासीयांना हटवण्याची घोषणा केली आणि माणसे बसगाड्यांत भरून शहराबाहेर पाठवण्यात आली. त्यातून ओल्गा टेलिस खटला उभा राहिला. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे म्हटले. हे वाक्य आपण सर्वांनी पाठ केले. त्याच निकालाने पदपथावरच्या झोपड्या हटवण्याचा महापालिकेचा अधिकारही मान्य केला, फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबायला सांगितले, हे मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. तत्त्व जिंकले आणि बिऱ्हाड उठले.

इथे थोडे आपल्या घरातलेही बोलतो. मृणालताई गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या रूपाने दिंडोशीला सहा हजारांवर घरे उभी केली. कमाल जमीनधारणा कायद्याखालची जमीन सामान्य माणसासाठी मिळू शकते, हे भांडून दाखवून दिले. त्या कामाचा अभिमान बाळगायलाच हवा. परंतु ती घरे प्रामुख्याने हप्ता भरू शकणाऱ्या, कमी उत्पन्नाच्या पण बांधलेली मिळकत असलेल्या कुटुंबांसाठी होती. पदपथावरचा माणूस त्या रांगेत उभाच राहू शकत नव्हता. आणि ज्या कायद्याच्या आधारे ती जमीन मागता आली तो कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला, तेव्हा आपला आवाज किती निघाला, हे ज्याने त्याने आठवावे.

निवारा म्हणजे घर नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे. फिनलंडने २००८ पासून सरकारी पैशाने जुनी वसतिगृहे मोडून तिथे स्वतंत्र भाड्याची घरे केली. माणसाला आधी किल्ली द्यायची, मग बाकीचे प्रश्न पाहायचे, असा तो क्रम होता. ब्रिटनमध्ये १९७७ च्या कायद्याने काही गटांतील बेघरांना घर मिळवून देणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले, मेहेरबानी नव्हे. आपल्याकडे भाड्याच्या सार्वजनिक घरांची मागणी करताना कोणी निवाऱ्याची मागणी सोडून देऊ नये. कारण पावसाळा दर वर्षी येतो.

आता आपण नेमके काय करायचे? केंद्राचे ते अभियान ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपले. नव्या नागरी दारिद्र्य निर्मूलन मोहिमेला अंतिम रूप दिले जात आहे आणि तीत बेघरांच्या निवाऱ्याचाही समावेश असेल, असे महान्यायवाद्यांनी २०२५ मध्ये न्यायालयात सांगितले. योजना कोणतीही येवो, पैसा माणसांच्या आकड्यामागे जातो. तो आकडा ठरतो एका रात्रीत. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. रस्त्याकडेला, पुलाखाली, जिन्याखाली, फलाटावर, मोठ्या नळांत झोपलेल्यांना गाठून मोजायचे, असा नियम होता. देशात १७ लाख ७३ हजार माणसे सापडली, त्यांपैकी ९ लाख ३८ हजार शहरांत; महाराष्ट्रात २ लाख १० हजारांहून अधिक, मुंबईत सुमारे ५७ हजार. दहा वर्षांत देशाचा एकूण आकडा घटला, शहरांतला मात्र वाढला. जी माणसे त्या रात्री पोलिसांनी हुसकल्यामुळे दुसऱ्या गल्लीत गेली, गोदामात राबत होती किंवा भीतीने दडून बसली, ती कोणत्याच अंदाजपत्रकात आली नाहीत.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ असा जाहीर झाला. म्हणजे मोजणीची रात्र २८ फेब्रुवारीची. त्या रात्रीच्या आधी कोणत्या पुलाखाली किती बिऱ्हाडे, कोणत्या फलाटावर किती माणसे, याची यादी प्रत्येक प्रभागातील कार्यकर्त्याच्या हातात असली पाहिजे आणि ती प्रगणकाला देऊन त्याची पोच घेतली पाहिजे. त्या आठवड्यात पोलिसांनी हुसकाहुसकी करू नये, असे लेखी पत्र आधीच गेले पाहिजे.

आणखी एक काम त्याहून आधी करता येईल. बेघर माणसाला मतदार होण्यासाठी पत्त्याचा कागद लागत नाही. नमुना सहा भरल्यावर मतदान केंद्र अधिकाऱ्याने रात्री प्रत्यक्ष जाऊन, अर्जदार सांगितलेल्या जागी झोपतो की नाही याची खात्री करायची, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. हा नियम फार थोड्या अधिकाऱ्यांना ठाऊक आहे आणि आपल्यातल्या त्याहून थोड्या लोकांना. नगरसेवक सोसायटीचे ऐकतो, कारण सोसायटीत मते आहेत. पुलाखालच्या चाळीस बिऱ्हाडांची शंभर मते यादीत चढली की निवाऱ्याच्या जागेवरचे आरक्षण किती दिवसांत सुटते, ते आपण पाहू.

शिबिर संपल्यावर जेवणाआधी बाहेरच्या टेबलावर प्रभागवार वह्या ठेवल्या आहेत. ज्यांना रात्री अकरा ते दोन फिरणे शक्य आहे त्यांनी नाव आणि आपला प्रभाग लिहावा. स्त्रियांच्या बिऱ्हाडांशी बोलायला भगिनी कार्यकर्त्या हव्यात. त्यांच्या परतीची सोय आपण करू. पहिली फेरी येत्या शनिवारी, दादर पुलापासून.