नफ्याला सूट, डिझेलला कर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२० सप्टेंबर २०१९ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेची बैठक गोव्यात पणजी येथे भरली होती. राज्याराज्यांचे अर्थमंत्री तीसाठी तेथे जमले होते. बैठकीच्या आधी, सकाळीच, केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी वार्ताहरांना बोलावले आणि देशी कंपन्यांवरील प्राप्तिकराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणल्याचे जाहीर केले. मोठ्या कंपन्यांना तोवर हा दर ३० टक्के होता. वर्षाला ४०० कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्या कंपन्यांना आधीपासूनच २५ टक्के दर लागू होता. म्हणजे सवलतीचा मोठा घास कोणाच्या ताटात पडला हे वेगळे सांगावयास नको. १ ऑक्टोबर २०१९ नंतर स्थापन होणाऱ्या कारखानदारी कंपन्यांसाठी तर दर केवळ १५ टक्के ठरला. अंदाजपत्रक मंजूर होऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्यात या गोष्टीचा मागमूस नव्हता. संसदेचे अधिवेशन चालू नव्हते, म्हणून वटहुकूम काढण्यात आला. तिजोरीला वर्षाकाठी १ लाख ४५ हजार कोटी रुपयांना मुकावे लागेल, हा आकडा खुद्द सरकारने दिलेला आहे. मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक त्या एका दिवसात १,९०० अंशांहून अधिक उसळला.

याच रकमेशेजारी दुसरी एक रक्कम ठेवून पाहावी. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीसाठी ठेवलेली तरतूद ६० हजार कोटींची होती.

हा उपाय कोणत्या रोगावर होता? २०१९ च्या उन्हाळ्यापासून मंदीची चाहूल सर्वांना लागली होती. एप्रिल ते जून या तिमाहीत राष्ट्रीय उत्पन्नवाढीचा वेग, त्या वेळच्या सरकारी अंदाजानुसार, ५ टक्क्यांवर उतरला होता. मोटारींचा खप ऑगस्टमध्ये आदल्या वर्षीच्या तुलनेत जवळजवळ एकतृतीयांशाने घसरला होता आणि पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा खेड्यात खपत नाही, अशी कारखानदारांचीच तक्रार होती. पाच रुपयांचा पुडा घेताना गिऱ्हाईक हात आखडता घेते, ते बिस्किटे करणाऱ्या कंपनीवरचा कर जास्त आहे म्हणून नव्हे. रोग मागणीचा होता आणि औषध मात्र नफ्याला पाजण्यात आले. ग्रामीण भागातील उपभोग किती घटला याचा पुरावा सरकारच्या २०१७-१८ च्या उपभोग-खर्च पाहणीत होता. ती पाहणी प्रसिद्धच न करण्याचा निर्णय नोव्हेंबर २०१९ मध्ये घेतला गेला. ताप मोजायचे यंत्र फोडून टाकल्याने ताप उतरत नाही, पण निदान त्याची बातमी तरी होत नाही.

पोलंडचे अर्थशास्त्रज्ञ मिखाल कालेत्स्की, जे १९६० च्या सुमारास भारतातही येऊन गेले होते, त्यांनी नफा आणि गुंतवणूक यांचे नाते फार पूर्वी उलगडून दाखवले आहे. भांडवलदार किती गुंतवतात यावरून एकंदर नफा ठरतो. हातात नफा जास्त उरला म्हणून ते जास्त गुंतवतीलच असे नाही. कारखान्यातील यंत्रे पूर्ण क्षमतेने चालत नसतील, तर नवे यंत्र कोण विकत घेईल? करातून वाचलेला पैसा मग कर्जफेडीकडे, लाभांशाकडे, शेअर बाजाराकडे किंवा जमीनजुमल्याकडे वळतो.

पुढे जे घडले ते शासनाच्याच कागदपत्रांत नोंदलेले आहे. जुलै २०२४ मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या आर्थिक पाहणी अहवालात, २०१९ च्या करकपातीला उद्योगक्षेत्राने काय प्रतिसाद दिला, असा प्रश्न सरकारच्या मुख्य आर्थिक सल्लागारांनीच विचारला आहे. ३३ हजारांहून अधिक कंपन्यांचा करपूर्व नफा २०१९-२० ते २०२२-२३ या तीन वर्षांत जवळजवळ चौपट झाला. उलट २०१८-१९ ते २०२२-२३ या काळात खाजगी कंपन्यांची यंत्रसामग्रीतील गुंतवणूक चालू किमतींनुसार अवघी ३५ टक्के वाढली. इमारती व बांधकामे यांतील गुंतवणूक मात्र १०५ टक्के वाढली. पुढच्या वर्षीच्या अहवालाने आणखी एक जोड दिली : २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा २२ टक्क्यांनी वाढला आणि त्यांची नोकरभरती दीड टक्क्याने. हे काही विरोधी पक्षाचे पत्रक नव्हे.

खुद्द अर्थमंत्र्यांनाही हे जाणवले असावे. सप्टेंबर २०२२ मध्ये उद्योगपतींच्या एका परिषदेत त्यांनी, स्वतःच्या शक्तीचा विसर पडलेल्या हनुमंतासारखी तुमची अवस्था झाली आहे काय, असा सवाल श्रोत्यांना केला. दृष्टांत सुरस आहे; परंतु हनुमंताला समुद्र ओलांडण्यापूर्वी कोणी बक्षिसी दिलेली नव्हती.

दोष केवळ हनुमंताचा नाही. कायद्याची रचनाच तशी होती. २२ टक्क्यांचा दर हवा असेल, तर कंपनीने इतर बहुतेक सवलतींवर पाणी सोडायचे. सोडून द्यायच्या या सवलतींत नव्या यंत्रसामग्रीवर मिळणारा जादा घसारा होता आणि संशोधनावरील खर्चाची वाढीव वजावटही होती. (नव्या कामगारांच्या भरतीवरील वजावट तेवढी शाबूत ठेवली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.) सवलती फार झाल्या होत्या, त्यांत पळवाटा होत्या, हे मान्य. पण निष्पन्न काय झाले? यंत्र घेणाऱ्याला जे बक्षीस मिळत होते, ते नुसता नफा मिळवणाऱ्याला मिळू लागले. जुन्या यंत्रांवर मिळालेल्या नफ्यावर सूट, आणि ती घेताना एक खिळाही नवा ठोकण्याची अट नाही.

हा मार्ग काही भारतीय प्रतिभेचा शोध नव्हे. इंग्लंडमध्ये थॅचरबाईंच्या सरकारने १९८४ साली कंपनी कर ५२ वरून टप्प्याटप्प्याने ३५ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले, रेगन यांनी १९८६ च्या कायद्याने अमेरिकेत तो ४६ वरून ३४ वर आणला आणि ट्रम्प यांनी डिसेंबर २०१७ मध्ये ३५ वरून २१ वर. प्रत्येक अमेरिकन कुटुंबाचे सरासरी उत्पन्न वर्षाला निदान ४,००० डॉलरने वाढेल, असे त्या वेळी अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागारांनी सांगितले होते. २०१८ साली वाढल्या त्या कंपन्यांनी स्वतःचेच शेअर परत विकत घेण्याच्या रकमा. त्यांनी तोवरचा उच्चांक मोडला.

आता बिल कोणी भरले ते पाहू. लोकसभेच्या अंदाज समितीने, जिचे अध्यक्षपद सत्तारूढ पक्षाच्याच खासदाराकडे होते, पहिल्या दोन वर्षांतील नुकसान सुमारे १ लाख ८४ हजार कोटी रुपये असल्याचे नमूद केले आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. जगात खनिज तेलाचे भाव कोसळले होते. त्याचा लाभ गिऱ्हाइकाला देण्याऐवजी केंद्राने मार्च व मे या दोन महिन्यांत डिझेलवरील उत्पादनशुल्क लिटरला १५ रुपये ८३ पैशांवरून ३१ रुपये ८३ पैशांवर नेले. पेट्रोलवरचे १९ रुपये ९८ पैशांवरून ३२ रुपये ९८ पैशांवर गेले. डिझेल म्हणजे शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, एस. टी. आणि भाजीचा टेम्पो. या दोन तेलांवरील शुल्कातून २०२०-२१ मध्ये ३ लाख ७२ हजार कोटी रुपये मिळाले. आदल्या वर्षी ते १ लाख ७८ हजार कोटी होते. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये ही वाढ मागे घेण्यात आली, हे खरे. परंतु मधली दोन वर्षे, जेव्हा मजुराच्या हाताला काम नव्हते, तेव्हा तिजोरी त्याच्याकडून भरून घेतली गेली. कंपन्यांचा २२ टक्के दर मात्र जागचा हलला नाही.

राज्यांची कथा याहून उद्बोधक आहे आणि कार्यकर्त्यांच्या सभांतून ती फारशी सांगितली जात नाही. कंपनी कराचे उत्पन्न घटनेनुसार राज्यांशी वाटून घ्यावे लागते. चौदाव्या वित्त आयोगानुसार त्या वेळी राज्यांचा वाटा ४२ टक्के होता. उपकर व अधिभार मात्र सर्वस्वी केंद्राचे. म्हणजे पणजीत सकाळी जी सूट जाहीर झाली, तिच्यातील शंभरातले बेचाळीस रुपये शेजारच्या सभागृहात जमलेल्या अर्थमंत्र्यांच्या खिशातले होते आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. अधिभाराचा भाग वजा जाता, सरकारचाच आकडा धरून, राज्यांचे नुकसान ढोबळ हिशोबाने वर्षाला ५० हजार कोटींच्या वर जाते. महाराष्ट्राचा हिस्सा त्यात अडीच-तीन हजार कोटी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले होते आणि राज्य शासन पूरग्रस्तांसाठी केंद्राकडे ६,८१३ कोटींची याचना करीत होते! डिझेल-पेट्रोलवरचा जो कर वाढला, तो मात्र बहुतांशी उपकराच्या रूपाने. त्या ३ लाख ७२ हजार कोटींतून राज्यांना वाटलेली रक्कम १९,९७२ कोटी होती. हे उत्तर राज्यसभेत दिले गेले आहे. सवलत वाटून सोसायची आणि वसुली एकट्याने ठेवायची, असा हा संघराज्यवाद आहे.

अलीकडे कंपनी कराचे उत्पन्न वाढले आहे, तेव्हा कपात यशस्वी झाली, असा युक्तिवाद सभांत ऐकू येईल. त्याला उत्तर सोपे आहे. नफा तीन वर्षांत जवळजवळ चौपट होतो आणि कर ५ लाख ५७ हजार कोटींवरून ८ लाख २६ हजार कोटींवर, म्हणजे दीडपट होतो, यात यश कोणाचे? २०२३-२४ मध्ये व्यक्तींकडून मिळालेला प्राप्तिकर १० लाख कोटींच्या वर गेला आणि कंपनी कर ९ लाख ११ हजार कोटींवर राहिला. पगारदाराने कंपनीला मागे टाकले, ते करात.

कर कसा मागावा, याचा धडा महाराष्ट्राला परका नाही. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली, तेव्हा तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. वि. स. पागे यांच्या या योजनेत शहरातला नोकरदार दरमहा चार पैसे देत होता आणि खडी फोडणाऱ्या बाईच्या हजेरीपटावर ते पोहोचत होते. तितकीच रक्कम शासन आपल्या बाजूने घालीत होते. शहरांनी कुरकुर केली, नाही असे नाही. पण पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, हे कायद्यात लिहिलेले होते.

कंपन्यांच्या सवलतीबाबत तेवढेच मागायचे आहे. २२ टक्के दर घेणाऱ्या प्रत्येक मोठ्या कंपनीने वाचलेला कर, नवी यंत्रसामग्री, कायम कामगारांची संख्या आणि वाटलेला लाभांश हे चार आकडे एकाच पानावर दरवर्षी जाहीर करावेत. उपकरांचे उत्पन्न राज्यांशी वाटून घेण्याची मागणी सर्व राज्यांतील विधिमंडळांतून ठरावरूपाने यावी. आणि जेथे कामगार संघटना आहे, तेथे पुढच्या वेतनकराराच्या वाटाघाटीत पहिला प्रश्न हाच टेबलावर ठेवावा : २०१९ पासून या कारखान्याचा किती कर वाचला, आणि त्यातला पगारपत्रकावर किती आला?