खेडे की उपनगर? : कोसाडचा प्रश्न

(भूगोलाच्या अभ्यास-सहलीस निघालेल्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपली तुकडी यंदा सुरतेस जाणार आहे आणि तिने अभ्यासासाठी निवडलेला प्रश्न एका ओळीचा आहे : सुरतेच्या उत्तरेस असलेले कोसाड हे खेडे की उपनगर? वरवर पाहता, मोजपट्टी आणि प्रश्नावली हाती घेऊन दोन दिवसांत निकालात काढावा असाच हा प्रश्न वाटतो. आमचे म्हणणे असे की, तो दिसतो तितका निरुपद्रवी नाही. एखाद्या वस्तीस काय म्हणावयाचे हे ठरले, की तिच्यावर कर कोणी बसवावयाचा, तिच्या गायरानावर सत्ता कोणाची, तिच्या गटारीबद्दल दाद कोठे मागावयाची, हे सारे त्या एका शब्दाच्या पोटात ठरून जाते. या शहरात राहणाऱ्यांस हे अधिक फोड करून सांगणे नलगे.

प्रथम स्थळ पाहू. मुंबई-वडोदरा लोहमार्गाने सुरत सोडली, तापीचा पूल ओलांडला, की उत्राण आणि उत्राणनंतर कोसाड. या मार्गाची एक हकीकत मोठी बोधप्रद आहे. बी. बी. सी. आय. रेल्वेचा पहिला टप्पा १० फेब्रुवारी १८६० रोजी खुला झाला तो अंकलेश्वर ते उत्राण असा. तापीवरील पूल अद्याप व्हावयाचा होता, म्हणून गाडी उत्तर तीरावरच थांबे. म्हणजे कोसाडच्या बाजूने आगगाडी धावू लागली तेव्हा खुद्द सुरत शहरात ती पोहोचलीही नव्हती! लोहमार्ग आला की गाव शहरास जोडले जाते आणि यथावकाश त्याचे उपनगर होते, असे पाठ्यपुस्तके सांगतात. येथे मात्र रूळ आधी आले आणि शहराची हद्द त्यानंतर १४६ वर्षांनी आली. २००६ साली सुरत महानगरपालिकेने आपली सीमा वाढविली, तीत २७ ग्रामपंचायती आणि ८ नगरपालिका एकदम सामावून घेतल्या, आणि सुमारे ११२ चौरस किलोमीटरचे शहर सुमारे ३२६ चौरस किलोमीटरचे झाले. त्याच ओघात कोसाडही शहरात आले. कायद्यापुरते पाहिले तर प्रश्न तेव्हाच संपला. परंतु आपण कायद्याचे नव्हे, भूगोलाचे विद्यार्थी आहात. राजपत्रात अधिसूचना निघाली म्हणून त्या रात्री गोठ्यातील म्हशी शहरी झाल्या नाहीत.

मग वस्ती ओळखावी कशावरून? आपल्या शिरगणतीने १९६१ पासून एक कसोटी स्वीकारली आहे. लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे, आणि कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या धंद्यांत असतील, तर ती वस्ती नागरी. कसोटी सुटसुटीत आहे, यात वाद नाही. परंतु तिच्यातील 'पुरुष' हा शब्द आपण नीट वाचावा. घरातील पुरुष मागावर कामास गेला आणि बायको मागे म्हशी राखून सकाळ-संध्याकाळ दूध घालीत राहिली, तर या कसोटीच्या लेखी ते घर सर्वस्वी नागरी! सुरत जिल्ह्यात ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. तेथील सहकारी दूध संघ, ज्यास सारे 'सुमुल' म्हणून ओळखतात, १९५१ पासून उभा आहे, आणि गोठ्यातील कष्टाचा मोठा भार आपल्याप्रमाणे तेथेही बायकांच्याच माथी असतो. तेव्हा तुमच्या प्रश्नावलीत घरातील प्रत्येक कामकऱ्या माणसासाठी स्वतंत्र ओळ असू द्या, आणि 'कर्ता पुरुष' एवढेच विचारून पुढच्या दारी जाऊ नका.

आपल्या जुन्या लोकांजवळ याहून सकस कसोटी होती. गाव म्हणजे काळी आणि पांढरी. पिकणारी ती काळी, वसलेली ती पांढरी. दोन्ही मिळून गाव. काळीवाचून पांढरी असेल तर ती पेठ म्हणा, पुरा म्हणा, वसाहत म्हणा, पण तिला गाव म्हणण्याची आपली रीत नव्हती. ही कसोटी घेऊन कोसाडला जावे असे आम्ही सुचवितो. तापीच्या उत्तरेकडचा तो मुलूख काळ्या मातीचा, काकरापारच्या कालव्यांनी भिजलेला, उसाचा; पलीकडे सायणला साखर कारखाना. या काळीपैकी आज नांगराखाली किती, बिनशेती किती, आणि बिनशेती होण्याची वाट पाहत पडीत किती, याचा नकाशा प्रथम तयार करा. तिसऱ्या प्रकारची जमीन विशेष जपून रंगवावी. ती नांगरलीही जात नाही आणि बांधलीही जात नाही. पण गावाच्या मनाचा कल तिच्याइतका दुसरे काहीच सांगत नाही.

सात-बाराचा उतारा तुम्हांस तेथेही भेटेल, त्याचे नवल वाटू देऊ नका. १९५६ पर्यंत बेळगाव आणि सुरत हे दोन्ही जिल्हे एकाच मुंबई राज्यात होते. जमीन महसुलाचे कागद एकाच साच्यातून निघाले. सुरतेच्या खरेदीखतांत तर शहरात मुरून गेलेल्या वस्त्यांचीही नावे अजून 'मौजे' म्हणूनच लिहितात. महापालिकेने पोटात घातलेले गाव तलाठ्याच्या दप्तरात असे जिवंत राहते.

आता या प्रश्नाच्या खऱ्या गाभ्याकडे येऊ. कोसाड म्हटले की आज सुरतेत अनेकांच्या डोळ्यांपुढे जुने गाव येत नाही, 'कोसाड आवास' येते. डिसेंबर २००५ मध्ये केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरूंच्या नावे नागरी पुनरुत्थानाची योजना सुरू केली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा बहुतेक भाग बुडविला. या दोहोंच्या पाठोपाठ तापीकाठच्या आणि खाडीकाठच्या झोपड्यांतील कुटुंबांसाठी महापालिकेने कोसाडला बहुमजली इमारतींच्या रांगाच रांगा उभारल्या. योजनेच्या निकषाप्रमाणे घर किमान २५ चौरस मीटरचे. जुन्या गावात फळियांना नावे असतात. येथे समूहांना एच-१, एच-२ अशी अक्षरे आहेत.

ही वस्ती काय आहे? खेडे तर ती नव्हेच. तिला काळीच नाही. मग उपनगर? उपनगराची वाढ एका विशिष्ट रीतीने होते. माणसाची कमाई शहरात स्थिरावते, त्याला मोकळी हवा वा स्वस्त भाडे हवे असते, आणि तो आपखुषीने शहराबाहेर सरकतो. त्याच्यामागून दुकाने, शाळा, वाहने येतात. येथे क्रम उलटा झाला. इमारती आधी, माणसे नंतर, आणि कमाई जिथल्या तिथेच नदीपलीकडे. पक्के घर मिळाले हा लाभ लहान नव्हे; पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या झोपडीची ज्याला आठवण आहे तो त्यास कधी लहान म्हणणार नाही. परंतु चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचे काम पायी पोहोचण्याच्या अंतरावर असावे लागते. साड्यांवर टिकल्या आणि लेस लावण्याचे घरबसले काम ज्या दलालाकडून येते त्याने मालाचे गाठोडे घेऊन येथवर यावे लागते. तो येतो का? कामास जाण्यासाठी रोज बसला वा रिक्षाला किती पैसे मोजावे लागतात? हे दोन प्रश्न आवासांतील प्रत्येक घरी विचारा. ज्या वस्तीची मिळकत आणि तिचे गाडीभाडे यांची तोंडमिळवणी होत नाही, तिला उपनगर म्हणणे ही निव्वळ शिष्टाई होईल.

तेव्हा आमच्या मते कोसाड या एका नावाखाली दोन वस्त्या नांदत आहेत, आणि 'खेडे की उपनगर' या प्रश्नाचे उत्तर तुम्ही कोणती रेघ आखून मोजणी करता त्यावर अवलंबून राहणार. एक काल्पनिक हिशेब घ्या. समजा, जुन्या गावठाणात कामकरी पुरुष १,००० आहेत आणि त्यांपैकी ६०० शेतीवर आहेत. ते निःसंशय खेडे. समजा, आवासांत कामकरी पुरुष ९,००० आणि शेतमजुरीस जाणारे १००. आता दोन्ही एकत्र मोजा : १०,००० मध्ये शेतीवरचे ७००, म्हणजे शेकडा ७. कसोटी शेकडा २५ मागते! एकही शेतकरी घर सोडून गेला नाही, एकाही बिघ्याचे पीक बदलले नाही, आणि तरी खेडे नाहीसे झाले. ते कोणी पाडले नाही. ते बेरजेत बुडाले.

घटक कोणता धरावयाचा हा वाद आम्हां सीमावासीयांस पाठ आहे. १९५५ साली फाजलअली आयोगाने जिल्हा हा घटक धरला, आणि चंदगड तालुका तेवढा वेगळा काढून बेळगाव जिल्ह्याची वासलात लागली. आंध्र आणि मद्रास यांच्या तंट्यात मात्र हरिभाऊ पाटसकरांनी खेडे हा घटक धरला आणि १९५९ च्या कायद्याने तो अमलात आला. माणसे तीच, भाषा तीच. मोजण्याची चौकट बदलली की निकाल बदलतो. आमचा वाद उकरून काढण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. पण घटक न सांगता टक्केवारी सांगणारा अहवाल या गावात तरी कोणी मुकाट्याने मान्य करू नये. जुने शहापूर एकेकाळी सांगली संस्थानात होते. दोन पावलांवर सत्ता बदलत असे, आणि पेठ मात्र एकच होती. हद्द एकीकडे आणि जीवनव्यवहार दुसरीकडे, ही गोष्ट शिकण्यास आम्हांस सुरतेपर्यंत जावे लागत नाही.

अशा अभ्यासाची मराठी परंपरा मोठी आहे, ती विसरू नका. डॉ. गो. स. घुर्ये यांनी पुण्याजवळचे लोणीकंद घेतले. त्या गावाची पाहणी टॉमस कोट्स या डॉक्टराने पेशवाई बुडाल्यानंतर लवकरच केली होती. तिच्याशी ताडून पाहून सव्वाशे वर्षांनंतरचे गाव घुर्यांनी १९६० साली लोकांपुढे मांडले, आणि पुढे १९६३ मध्ये हवेली तालुक्यावर लिहिताना निमग्रामीण-निमनागर अशा मिश्र समाजाची मांडणी केली. इरावतीबाई कर्वे आणि जयंत रणदिवे यांनी फलटण आणि त्याचा परिसर १९६५ मध्ये अभ्यासिला, तो वाढते गाव आणि भोवतालची खेडी यांचे नाते तपासण्यासाठी. खुद्द सुरत भागात यान ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांतच पोहोचले आणि शेतमजुराच्या मागोमाग खेड्यातून शहरापर्यंत पुढील अनेक दशके चालत राहिले. या मंडळींनी वस्तीला नाव देण्याची घाई केली नाही. माणसे सकाळी कोणीकडे जातात आणि पैसा कोणीकडून येतो, हे आधी पाहिले.

म्हणून कामाची वाटणी अशी करावी. एका गटाने पहाटे कोसाड स्थानकावर आणि बसथांब्यावर उभे राहून चढणारी व उतरणारी माणसे मोजावीत. उतरणाऱ्यांची मोजणी विसरू नये, कारण ज्या वस्तीत सकाळी बाहेरून माणसे कामास येतात ती केवळ निजावयाची जागा राहिलेली नसते. दुसऱ्या गटाने दुकाने पाहावीत : खताचे आणि पेंडीचे दुकान कोठे संपते आणि मोबाइल दुरुस्तीचे कोठे सुरू होते, ती सीमा नकाशावर उतरवावी. तिसऱ्याने घरोघर जावे, आणि गावठाणाचे व आवासांचे कागद अखेरपर्यंत एकत्र बांधू नयेत.

सुरतेत खानदेशची माणसे पुष्कळ आहेत. तापी खोऱ्याचा लोहमार्ग झाल्यापासून ती वाट वाहती आहे. तेव्हा एखाद्या दारी तुम्हांस मराठीत उत्तर मिळण्याचा पुरेपूर संभव आहे. प्रश्नावली गुजरातीत आणि मराठीत, दोन्ही भाषांत छापून न्यावी. तिच्या अगदी शेवटी एक प्रश्न आमच्या सांगण्यावरून घाला : 'तुमचे गाव कोणते?' त्यापुढे चौकटी आखू नका, पर्याय देऊ नका. कोणी नंदुरबार म्हणेल, कोणी ओलपाड, कोणी सुरत, कोणी पाडून टाकलेल्या झोपडपट्टीचे नाव घेईल, कोणी कोसाड म्हणेल. जे म्हणतील ते, त्यांच्याच शब्दांत, उतरवून घ्यावे. आणि परत आल्यावर ते कागद या सभागृहात वाचून दाखवावेत.