जादूची पेन्सिल कोणाच्या हाती?

(मसुरे, ता. मालवण येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकर्त्यांच्या बैठकीत मुलांच्या दूरचित्रवाणी मालिकांचा विषय काढला की अनेकांच्या कपाळावर आठ्या चढतात. काजूबीच्या दराचा प्रश्न आहे, किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमारांचा पर्ससीन नौकांशी झगडा आहे, पटसंख्येअभावी वाडीवाडीतल्या शाळांवर टांगती तलवार आहे. अशा वेळी पऱ्यांची आणि जादूच्या पेन्सिलींची चर्चा कशासाठी? आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. सन 2000 नंतरच्या चारपाच वर्षांत ज्या मुलांनी या मालिका पाहिल्या, ती आज तिशीच्या घरात आहेत. त्यांतली काही ग्रामपंचायतीत निवडून आली आहेत, बरीचशी मुंबईस नोकरी करतात, आणि त्यांची मुले आता मोबाईलच्या पडद्यावर तसल्याच गोष्टी पाहतात. एका पिढीने बालपणी ‘शक्ती म्हणजे काय’ हे कोठून शिकून घेतले, हा प्रश्न राजकीय कार्यकर्त्याच्या कक्षेबाहेरचा खचितच नव्हे.

त्या मालिका आठवून पाहाव्यात. 1997 साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झाली आणि 2005 पर्यंत चालली. 2000 साली ‘शाका लाका बूम बूम’ आली. तीत संजू नावाच्या शाळकरी मुलाच्या हाती अशी पेन्सिल लागते की तिने जे काढावे ते खरे होऊन समोर उभे राहते. त्याच साली खाजगी वाहिनीवर ‘सोनपरी’ आली. आई नसलेल्या एका मुलीच्या हाकेला परी धावून येते, अशी ती कथा. ती परी मृणाल कुलकर्णी यांनी उभी केली होती, म्हणजे गो. नी. दांडेकरांच्या नातीने, गडकोटांच्या वाटा तुडविणाऱ्या आजोबांची नात परीलोकातून उतरते याची गंमत मराठी घरांतून त्या वेळी वाटली असल्यास नवल नाही. पुढे 2003 साली ‘शरारत’ आली. जिया नावाच्या मुलीला अठराव्या वाढदिवशी कळते की आपल्या अंगी जादू आहे. ती आजीकडून आईकडे आणि आईकडून आपल्याकडे आली आहे, आणि ती चारचौघांपासून, विशेषतः चौकस शेजारणींपासून, लपवून ठेवावयाची आहे.

कथा वेगवेगळ्या असल्या तरी त्यांचा सांगाडा एक आहे. शक्ती कष्टावाचून मिळते. ती एकालाच मिळते, एक तर जन्माने नाहीतर नशिबाने. आणि ती गुप्त ठेवावी लागते. शेवटची अट कथाकाराची सोय म्हणून आलेली असते हे उघड आहे. गुपित फुटले तर पुढचा भाग कशावर चालावयाचा? तथापि मुलाच्या मनावर ठसते ते हेच की, जगातले संकट निवारण्याचे साधन एका मुलाच्या दप्तरात आहे, आणि उरलेल्या वर्गाचे काम संकटात सापडणे व सुटका झाल्यावर टाळ्या पिटणे एवढेच आहे. संजूची पेन्सिल वर्गात फिरली असती तर काय झाले असते? शाळेचे गळके छप्पर नीट झाले असते, कोणाच्या तरी घरी धान्य आले असते. पण पेन्सिल फिरत नाही. ती खाजगी मालमत्ता आहे. त्या काळी तशा दिसणाऱ्या पेन्सिली बाजारात विकावयास आल्या आणि मुलांनी आईवडिलांपाशी हट्ट धरून त्या घेतल्या. त्यांनी काढलेले चित्र अर्थातच कागदावरच राहिले. जाहिरातदारांच्या जादूचा तेवढा प्रयोग मात्र यशस्वी झाला!

‘शक्तिमान’च्या बाबतीत गोष्ट याहून गंभीर झाली. नायक वाचवावयास येईल या भरवशावर मुलांनी जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या नव्वदीच्या अखेरीस वृत्तपत्रांत आल्या, आणि असे करू नका, हे मुलांना पडद्यावरून बजावण्याची पाळी खुद्द मालिकेवर आली. अशा बातम्यांची शहानिशा दर वेळी होतेच असे नाही. परंतु निर्मात्यांना खुलासा करावा लागला, यातच सर्व आले.

असे असले तरी येथून पुढचे पाऊल चुकीचे पडू नये. या मालिकांवर बंदी घाला, मुलांना परीकथा देऊ नका, त्यांना केवळ विज्ञानाची पुस्तके द्या, असे म्हणणारा एक वर्ग पुरोगामी मंडळींत नेहमीच असतो. त्याला मूल कळलेले नाही. तेरा ते अठरा या वयात मुलाला वाटत असते की आपल्या आत काहीतरी वाढते आहे आणि ते कोणालाच दिसत नाही. घरचे त्याला लहान समजतात, शाळा गुणपत्रिकेवरून त्याची किंमत करते. मसुऱ्यासारख्या गावात तर दहावी-बारावीनंतर एकच प्रश्न उभा राहतो: मुंबईस कधी जाणार? गड नदीच्या काठच्या मुलीला नदीविषयी, शेतीविषयी, माणसांविषयी जे कळते ते कोणत्याही परीक्षेत विचारले जात नाही. अशा मुलीला पडद्यावर जिया दिसते, जिच्या अंगच्या शक्तीचा शेजाऱ्यांना पत्ता नाही, आणि तिचे मन तेथे गुंतते. यात अंधश्रद्धा नाही. आपल्यात असलेले कोणी ओळखलेले नाही, ही तिची जाणीव खरीच आहे. सामान्य माणसाच्या पोरात दडलेली शक्ती समाजाने ओळखावी, हेच तर समाजवादी चळवळ आजवर सांगत आली. मालिकेचे चुकते ते एवढेच की, ती ही शक्ती हजारांतून एकीला देते आणि तिलाही तोंड मिटून बसावयास सांगते.

या जागी मसुऱ्याच्या माणसाला दुसरी एक जादू आठवावयास हवी, कारण ती त्याच्या अंगणातली आहे. दशावतार. मागे एक पडदा, पुढे एक लाकडी बाकडे, बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. यापलीकडे पारंपरिक दशावतारी मंडळीला काही लागत नाही. ते बाकडे घटकेत सिंहासन होते, घटकेत रथ होते, घटकेत पर्वताचे शिखर होते. लिखित संहिता नसते. राजा आणि राक्षस उभ्या उभ्या संवाद रचतात. पहाटेपर्यंत जागून मुले हे पाहतात, आणि त्यांना पूर्ण ठाऊक असते की वेद चोरणारा काळ्या वेषातला संकासुर कोणत्या वाडीतला कोण आहे. मालवणीत त्याची टर उडविणारेही तेच आणि त्याला घाबरणारेही तेच. ज्याला दुपारी वाटेत भेटलो तोच रात्री विष्णू झाला आहे हे ठाऊक असूनही हात जोडले जातात. ही जादू कोणापासून लपविलेली नाही. सारा गाव मिळून ती घडवितो, आणि म्हणूनच ती टिकते.

अलीकडच्या काळात दशावतारातही चढाओढ आली. ‘ट्रिकसीनयुक्त’ नाट्यप्रयोग अशी जाहिरात गावोगावच्या फलकांवर दिसते. नाग फणा काढतो, देवी वरून उतरते. जुन्या रसिकांना हे रुचत नाही. बाकड्याने जे साधत होते ते यंत्राने बिघडते, ही त्यांची तक्रार चुकीची म्हणता येणार नाही. मात्र मुलांच्या बाजूने पाहिले तर या ट्रिकसीनचा एक गुण नजरेत भरतो: त्याची दोरी दिसते. ती ओढणारा माणूस दिसतो. प्रयोग संपल्यावर पोरे रंगमंचामागे धावतात ती नाग पाहण्यासाठी नव्हे, तर नाग कसा केला होता हे पाहण्यासाठी. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने 1980 पासून मराठी प्रेक्षकाला पोट धरून हसविले तेही याच दोरीवर. महाभारतातला सर्वांत मोठा चमत्कार गावच्या हौशी मंडळींच्या हातून उभा राहताना कसा फसत जातो, याचे ते नाटक. मच्छिंद्र कांबळींनी ते हजारो प्रयोगांतून जगभर नेले, आणि त्यामुळे कोणाची देवावरची श्रद्धा उडाल्याचे ऐकिवात नाही.

नेमकी हीच रीत अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी उचलली आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. शाळेत चमत्काराचा प्रयोग होतो, जिभेवर जळता कापूर ठेवला जातो, मुले आ वासतात. मग त्यामागचे कारण सांगितले जाते आणि मुले दुसऱ्यांदा आ वासतात. दुसरा अचंबा पहिल्याहून मोठा असतो, कारण तो मुलाच्या मालकीचा होतो. घरी जाऊन ते मूल स्वतः सांगू शकते. डॉ. नरेंद्र दाभोलकर हे काम करीत असतानाच 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात मारले गेले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबर 2013 मध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. वर्षानुवर्षे रखडलेल्या विधेयकाला एका माणसाचे रक्त लागले, ही लाज महाराष्ट्राने विसरू नये.

या कायद्याविषयी कोकणात अजून गैरसमज आहेत. कायदा गोष्टीविरुद्ध नाही, नाटकाविरुद्ध नाही. पूजा, यात्रा, कीर्तन, भजन यांना त्याने स्पष्टच वगळले आहे. आंगणेवाडी ही मसुऱ्याचीच वाडी. तेथे भराडीदेवीच्या यात्रेचा दिवस पंचांगाऐवजी कौलावर ठरतो आणि लाखो माणसे येतात. त्या रांगेत सर्व पक्षांचे पुढारीही असतात, हा भाग वेगळा. कायद्याचा रोख आहे तो भीतीच्या धंद्यावर. एखाद्या बाईला चेटकीण ठरवून तिचे जिणे असह्य करणे, करणीचा संशय पसरविणे, भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, हे गुन्हे आहेत, आणि त्यांना सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण पाहून मुलांच्या पिढ्या खदखदून हसल्या, ती भूमिका प्रथम दिलीप प्रभावळकरांनी आणि 2018 साली नाटक पुन्हा आले तेव्हा वैभव मांगले यांनी केली. रंगमंचावरच्या चेटकिणीला हसावयास शिकलेले मूल उद्या वाडीतल्या एकट्या विधवेकडे बोट दाखविण्यास तयार होईल काय? ते थोडे तरी कचरेल, असे मानावयास जागा आहे.

याउलट 2016 साली ‘रात्रीस खेळ चाले’ आली. सावंतवाडीजवळच्या आकेरीच्या वाड्यात तिचे चित्रण झाले, मालवणी बोली घरोघर पोचली, आणि त्याबरोबर कोकण म्हणजे भुताखेतांचा मुलूख ही जुनी समजूतही पोचली. जिल्ह्यातून विरोध झाला. बदनामी होते आणि अंधश्रद्धा पसरते, असे दोन्ही आक्षेप होते. पण आवाज चढला तो बदनामीचा. रात्री अंगणात जावयास घाबरणाऱ्या मुलाचा प्रश्न मागेच राहिला. पुढे मालिकेचे आणखी दोन भाग आले आणि तो वाडा पाहावयास पर्यटक येऊ लागले. ती मालिका मुलांसाठी नव्हती हे खरे, परंतु एका खोलीच्या घरात मुलांना कोणत्या खोलीत पाठवावयाचे?

मराठीत मुलांसाठी जादूच्या मालिका फारशा झाल्या नाहीत, याबद्दल खंत करावी की समाधान मानावे, यावर दुमत होऊ शकेल. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे सायकल आणि अक्कल यांवर भागवतो. 1987 साली तो दूरदर्शनवर आला तेव्हाही त्याच्यापाशी मंत्र नव्हता. त्याचा अभिमान वाटलाच पाहिजे. पण कल्पनेचा सारा प्रांत हिंदी खाजगी वाहिन्यांना मोकळा सोडून द्यावा, एवढा तो अभिमान ताणण्याचे कारण नाही. साने गुरुजी 1950 साली गेल्यावर प्रकाशभाई मोहाडीकर आणि सहकाऱ्यांनी कथामाला चालविली, तीत राजपुत्र होते, बोलणारे पक्षीही होते. ते कोणाला वर्ज्य वाटले नाहीत.

तेव्हा मसुऱ्यातील कार्यकर्त्यांनी या सुट्टीत एक करून पाहावे. आठवी ते बारावीच्या मुलामुलींना जमवावे आणि त्यांच्याकडूनच जादूची एक गोष्ट रचून घ्यावी. अट एकच घालावी: पेन्सिल सर्वांच्या हातातून फिरली पाहिजे. भांडण कोठे होते, कोण ती लपवू पाहतो, कोण स्वतःसाठी काढतो आणि कोण गावासाठी, हे मुलेच ठरवतील. मोठ्यांनी तोंड घालू नये. मग ती गोष्ट एका बाकड्यावर उभी करावी. परिसरातल्या दशावतारी कलावंतांपैकी एखाद्याला बोलवावे, पडदा आणि दोरी कशी बांधतात हे त्याच्याकडून मुलांनी शिकून घ्यावे, आणि त्याला त्याच्या रात्रीचे मानधन द्यावे. ते फुकट मागण्याची सवय कार्यकर्त्यांना फार आहे. प्रयोग झाल्यावर पडदा खाली सोडू नये. पुढे बसलेल्या लहानांना रंगमंचावर येऊन सगळे हाताळू द्यावे. दोनचार वस्तू मोडतील, तेवढा खर्च आधीच धरून ठेवावा.