साठ सेकंद
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोसायटीला २५ वर्षं झाली, तेव्हा जुन्या माणसांनी चार शब्द बोलावेत असा समितीचा आग्रह झाला. पाण्याची टाकी, लिफ्टची भांडणं आणि कन्व्हेयन्सचा वनवास यांवर माझ्या आधीचे वक्ते बोललेच आहेत. मी आज एका किड्याबद्दल बोलणार आहे. झुरळ नव्हे, वाळवी नव्हे. संगणकातला किडा. त्याने २००३ सालच्या ऑगस्टमध्ये आपल्या दोन्ही विंगांना पाच दिवस नाचवलं होतं. जुन्या सभासदांना आठवत असेल. नव्यांना गंमत वाटेल. आणि या गोष्टीतला एक भाग असा आहे की तो मी आजवर कुणासमोर बोललेलो नाही, तोही आज बोलून टाकणार आहे.

मी २००१ साली व्हीआरएस घेऊन बँकेतून बाहेर पडलो आणि दोनच महिन्यांत तुम्ही मला खजिनदार केलंत. व्हीआरएसच्या पैशातून मी पुढे एक संगणक घेतला, विंडोज एक्सपीवाला. ४८ सदनिकांचा मेंटेनन्स, सिंकिंग फंड, थकबाकीवरचं व्याज, सगळं त्यात. आमच्या हिचं म्हणणं होतं की एवढ्या पैशात दोन वेळा काशीयात्रा झाली असती. तरीही जुन्या सवयीने मी हाताने कीर्द लिहीत होतोच. ते फार बरं झालं, कसं ते पुढे येईल.

तेव्हा आपल्याकडे इंटरनेट केबलवाल्याचं होतं. त्याने गच्चीवरून एक वायर सोडली, जिन्यात एक डबी बसवली आणि तिथून घराघरात निळ्या वायरी नेल्या. म्हणजे झालं काय, की आपले सगळे संगणक नकळत एकाच दोरीला बांधले गेले. बी विंगमधली पोरं त्या वायरीवर रात्री एकमेकांविरुद्ध लढाईचे गेम खेळायची आणि 'मारला, मारला' असं ओरडायची. ज्येष्ठांची त्यावर एक लेखी तक्रारही आली होती. ती मीच लिहिली होती.

मंगळवार, १२ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा. रविवारी, १७ तारखेला वार्षिक सर्वसाधारण सभा. मी ताळेबंद टाइप करत बसलो होतो, आत नारळीभाताचा वास सुटला होता. एवढ्यात पडद्यावर एक चौकट आली. सिस्टिम बंद होत आहे, काम सेव्ह करा, आणि खाली घड्याळ : ६०, ५९, ५८... बंद करायला चौकटीवर फुलीच नाही! मी माउस घेऊन इकडेतिकडे करेपर्यंत पडदा काळा. संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला. दहा मिनिटं बरी गेली, की परत ६०, ५९, ५८. त्या चौकटीत लिहिलं होतं की हे काम 'एनटी अथॉरिटी, सिस्टिम'ने सुरू केलं आहे. आता आयुष्यभर सरकारी बँकेत काढलेल्या माणसाला 'अथॉरिटी' हा शब्द दिसला की काय होतं, ते सांगायला नको. मला वाटलं, आपल्या हातून कुठला तरी नियम मोडला.

बुधवारी हार्डवेअरवाला आला. त्याने आधी एसएमपीएसवर संशय घेतला, मग रॅमवर, आणि शेवटी सगळ्या हार्डवेअरवाल्यांचं ठरलेलं औषध काढलं, 'काका, फॉरमॅट मारावा लागेल.' दारात बी विंगमधला एक मुलगा उभा होता, बारावीतला. तो म्हणाला, 'काका, फॉरमॅट नका करू, निदान आधी सीडीवर सगळं काढून घ्या.' मी त्याला म्हणालो, 'तू आपला अभ्यास कर.'

फॉरमॅट मारला. तीन वर्षांचे हिशेब गेले. ते कीर्दीत होते, परत लिहिता आले. पण २००२च्या दिवाळीत माझ्या आईने त्या संगणकाच्या माइकवर जात्यावरच्या काही ओव्या म्हटल्या होत्या. तिला खूप गंमत वाटली होती, स्वतःचाच आवाज ऐकून लाजली होती. त्यानंतर तीन महिन्यांनी ती गेली. त्या ओव्या त्याच संगणकात होत्या, आणि दुसरी प्रत नव्हती.

आणि संध्याकाळी निळी वायर परत लावली, तर सात-आठ मिनिटांत तीच चौकट. ६०, ५९, ५८.

गुरुवारपर्यंत दोन्ही विंगांत मिळून ११ घरांतून तीच तक्रार आली. संध्याकाळी समितीची तातडीची बैठक झाली. मी तिथे ठामपणे सांगितलं, की हे पोरांचं काम आहे, गेम खेळता खेळता यांनीच व्हायरस सोडला, आणि यांचा म्होरक्या तो बी विंगमधला मुलगा आहे. पुरावा काय? तर तो फॉरमॅट करू नका म्हणत होता, म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक होतं! बँकेत असताना चौकश्या केलेला माणूस मी, आणि हा माझा पुरावा. समितीने माझं ऐकलं. केबलवाल्याला सांगून त्याच्या घराची वायर काढली, त्याच्या वडिलांना पत्र दिलं, आणि इतिवृत्तात तशी नोंद झाली.

शुक्रवारी १५ ऑगस्टचं झेंडावंदन आटोपून मी घरी आलो, तर तो मुलगा आमच्या बैठकीत बसलेला. हिने त्याला आत घेतलं होतं आणि पोहे दिले होते. हातात एक सीडी. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन त्याने ती भरून आणली होती. तिथले संगणक जुन्या विंडोज ९८चे, त्यांना हा रोग होतच नव्हता. आपल्याकडेही ज्यांच्या घरी जुनं ९८ होतं ते त्या आठवड्यात निवांत होते, हे नंतर लक्षात आलं.

मी काही बोलायच्या आत ही म्हणाली, 'आधी त्याचं ऐकून घ्या.' म्हणून मी ऐकलं. ते आज तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो.

या किड्याचं नाव ब्लास्टर. ११ ऑगस्टला तो जगभर पसरायला लागला. व्हायरस पसरायला माणसाने काहीतरी उघडावं लागतं, एखादी फाइल, एखादी मेल. याला काहीच लागत नाही. संगणक चालू आणि वायर लावलेली, एवढं पुरे. विंडोजमध्ये आरपीसी नावाची एक सेवा असते, ती दुसऱ्यांची कामं घेण्यासाठी एका खिडकीवर बसलेली असते. खिडकी नंबर १३५. समजा बँकेच्या स्लिपवर नावासाठी वीस अक्षरांची जागा आहे. कुणी दोनशे अक्षरं लिहून दिली, आणि कारकुनाने जागा न मोजता ती उतरवून घेतली, तर जास्तीची अक्षरं शेजारच्या रकान्यात जातील. तो रकाना साहेबाच्या हुकुमाचा असेल, तर कारकून त्या अक्षरांनाच साहेबाचा हुकूम समजेल. ब्लास्टर नेमकं हेच करायचा. आत शिरून आपली प्रत मागवायचा, संगणक सुरू झाला की आपणही सुरू होऊ अशी नोंद करून ठेवायचा, आणि मग शेजारच्या संगणकांच्या १३५ नंबरच्या खिडक्या ठोठवायला निघायचा. आपल्याकडे शेजारी एकाच वायरीवर. त्याला जिनासुद्धा चढावा लागला नाही.

मग संगणक बंद का पडायचा? इथे मला फार मौज वाटली. विंडोज २०००साठी वेगळी स्लिप लागायची आणि एक्सपीसाठी वेगळी. समोर कोण आहे हे किडा तपासत नसे, अंदाजाने एक पुढे करायचा. चुकीची स्लिप गेली की कारकून घेरी येऊन पडे. आणि आरपीसी पडली तर सगळा संगणक पुन्हा सुरू करायचा, अशी विंडोजची व्यवस्था होती. तेच ते साठ सेकंद. म्हणजे ज्याचा संगणक सारखा बंद पडतो त्याच्या घरात चोर शिरलाच असेल असं नाही. पुष्कळदा तो फक्त दार वाजवून गेलेला असायचा. ती 'अथॉरिटी' म्हणजेही कुणी साहेब नव्हे, विंडोजच स्वतः.

मायक्रोसॉफ्टने या खिडकीची दुरुस्ती १६ जुलैलाच दिली होती. किडा आला त्याच्या २६ दिवस आधी! आपण कुणीच ती घेतली नव्हती. फॉरमॅट मारूनही चौकट परत का आली, तेही आता उघड आहे. नवीन घातलेल्या विंडोजमध्ये ती खिडकी पुन्हा तशीच उघडी. पोळ्या लाटायला बसायचं आणि कणीकच भिजवायची नाही, त्यातली गत.

त्या मुलाने काम कसं केलं तेही सांगतो, कारण क्रमाला महत्त्व होतं. पहिल्यांदा निळी वायर काढली. वायर काढण्याआधीच चौकट आली असेल, तर 'रन'मध्ये जाऊन 'शटडाउन', मग एक जागा सोडून उभी नव्हे आडवी रेघ आणि 'ए' असं लिहायचं, की घड्याळ थांबायचं. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. मग त्याने किड्याचं चालू असलेलं काम बंद केलं, त्याची फाइल काढली, सीडीवरून दुरुस्ती घातली, विंडोजचं फायरवॉल सुरू केलं. ते एक्सपीत आधीपासून होतं, पण बंद ठेवून दिलेलं! वायर सगळ्यात शेवटी. नुसता किडा काढून दुरुस्ती न घालता वायर लावली असती, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

एक घर सुधारून भागणार नव्हतं. वरच्या मजल्यावरची गळती वरच्याने दुरुस्त केल्याशिवाय आपलं छत वाळत नाही, तसंच. शनिवारी दिवसभर तो मुलगा सीडी घेऊन दोन्ही विंगा फिरला. मागे मी, हातात वही, कुठलं घर झालं त्याची खूण करत. काही घरांत त्याला दारातूनच परत पाठवलं, कारण गुरुवारचं पत्र सगळीकडे पोचलं होतं. तिथे मी 'माझ्याबरोबर आहे' एवढंच म्हणालो. चूक झाली असं म्हणालो नाही.

त्याच शनिवारी, १६ ऑगस्टला, पसरलेल्या सगळ्या किड्यांनी मिळून मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्तीच्या साइटवर एकदम तुटून पडायचं, अशी त्यात योजना होती. पण किड्यात दिलेला पत्ता कंपनीने आदल्या दिवशीच बंद केला, आणि खरी साइट दुसऱ्या पत्त्यावर चालू राहिली. पुढे महिनाअखेर अमेरिकेत मिनेसोटा राज्यात एका १८ वर्षांच्या मुलाला अटक झाली. त्याने ब्लास्टरची एक सुधारित आवृत्ती सोडली होती, नंतर त्याला १८ महिन्यांची शिक्षाही झाली. म्हणजे हे पोरांचं काम असावं, हा माझा अंदाज अगदीच हवेतला नव्हता. फक्त माझा पोरगा चुकला होता.

शनिवारी रात्रभर जागून कीर्दीवरून ताळेबंद पुन्हा उभा केला. रविवारी सभा झाली. अध्यक्षांनी माझं कौतुक केलं, टाळ्या झाल्या, मी हात जोडले. मुलगा शेवटच्या रांगेत उभा होता. त्याचं नाव कुणी घेतलं नाही, मीही नाही. वायर आठवड्याने परत जोडली गेली. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात सॅसर नावाचा तसाच किडा आला, तीच साठ सेकंदांची चौकट घेऊन, तेव्हा सगळ्यांनी 'त्या मुलाला बोलवा' म्हटलं. तो आला. माझ्या घरीही आला. तेव्हाही मी त्याला चहा दिला आणि विषय टाळला.

आता समितीला दोन गोष्टी, खजिनदार नसलो तरी. ऑफिसातल्या आपल्या संगणकावर विंडोज १० आहे आणि त्याच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ला थांबल्या. त्याचं काय करायचं ते येत्या बैठकीत ठरवा. दुसरं, सीसीटीव्हीच्या पेटीचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच आहे, मी वॉचमनकडूनच ऐकला. २०१६ साली मिराय नावाच्या प्रकाराने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे ताब्यात घेतले होते. पासवर्ड आजच बदला, ठरावाची वाट बघू नका.

आणि तिसरी गोष्ट माझी. बँकेत चुकीची नोंद खोडत नाहीत. तिच्यासमोर उलट नोंद घालतात, तारीख आणि सही करून, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला दोन्ही दिसतात. १४ ऑगस्ट २००३च्या इतिवृत्तातली नोंद कपाटात तशीच आहे, मी मागच्या आठवड्यात काढून पाहिली. तिच्यासाठी उलट नोंदीचा मसुदा मी सेक्रेटरींकडे दिला आहे. आरोप मी केला होता, तो निराधार होता, आणि दोन्ही विंगांचे संगणक त्या मुलाने दुरुस्त केले, असं त्यात आहे. सही माझी आहे. सूचक मी, अनुमोदक हवा आहे.

तो मुलगा आज ३९ वर्षांचा आहे आणि तिसऱ्या रांगेत मुलीला मांडीवर घेऊन बसला आहे. त्याचे वडील आता नाहीत. ते पत्र त्यांच्या हातात मी दिलं होतं. मित्रा, मला २२ वर्षं लागली. माफ कर.