आधाराचे मोजमाप



मी काही मानसशास्त्राचा पंडित नव्हे. हमालांच्या संघटनेत आयुष्य गेले; जे थोडे वाचले ते काम आटोपल्यावर. परंतु ‘तुझ्या पाठीशी कोण आहे?’ हा प्रश्न आम्हां संघटनेच्या माणसांना रोजच विचारावा लागतो. म्हणून हा विषय हाती घेतला.

अमेरिकेत झिमेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत बारा विधाने आहेत : चार घरच्यांविषयी, चार मित्रांविषयी, चार एखाद्या जिवाभावाच्या व्यक्तीविषयी. प्रत्येकास १ ते ७ गुण. मदत किती मिळाली हे ती मोजत नाही. मदत मिळेल हा भरवसा किती, हे मोजते. सभासदांची यादी वेगळी आणि हाक मारली तर ते धावून येतील ही खात्री वेगळी!

आता हिशेब पाहा. समजा, सेलूहून पुण्याला बांधकामावर गेलेल्या तरुणाने घरच्यांना २८, मित्रांना ४ आणि जिवाभावाच्या माणसाला १६ गुण दिले. बेरीज ४८. दुसऱ्याने तिन्हींना सोळा-सोळा दिले. बेरीज तीच! पण परगावी रात्री ताप भरला तर पहिल्याने कोणाला उठवायचे? म्हणून नुसती बेरीज वाचू नये; कोणता खण रिकामा आहे ते वाचावे.

उत्तर कोणाच्या देखत दिले, हेही पाहावे. २०१५ साली सरकारने मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. त्यात शेतकरी कुटुंबांतील मानसिक ताणाची विचारपूस करण्याचे काम आशाताईंकडे आले. अशा वेळी सासू शेजारी बसली असता ‘घरात माझे कोणी ऐकत नाही’ असे सून कशी सांगेल?

शिवाय नैराश्याच्या आजारात असलेला आधारही माणसाला दिसेनासा होतो. गुण कमी आले, तर आधार खरोखरच नाही की आजारामुळे दिसत नाही, हे शोधावे लागते. एकाला माणसे जोडून द्यावी लागतात, दुसऱ्याला उपचार, पुष्कळदा दोन्ही.

आणि एक विसरू नका. कापसाचा भाव, सावकाराचे देणे, पावसाचा खंड यांपैकी काहीच या बारा विधानांत नाही. धीराच्या शब्दांनी कर्ज फिटत नाही. तरीही कर्जाशी झगडणाऱ्याला आपण एकटे नाही असे वाटणे, ही लहान गोष्ट नव्हे. तेव्हा मोजून कागद फडताळात ठेवू नका. ज्याचा खण रिकामा दिसला, त्याच्या दारी उद्या कोण जाणार, एवढे आजच ठरवा.