घराकडे तोंड करून



तेहरानमधली एक गच्ची डोळ्यांसमोर आणा. पाण्याच्या टाकीमागे ताडपत्रीखाली दडवलेली डिश. 1995च्या कायद्यानं ती बेकायदा आहे. पोलीस येतात, मोडून टाकतात, दंड ठोकतात. चार दिवसांनी तिथे नवी डिश बसलेली असते. कारण लंडनहून, वॉशिंग्टनहून इराणचीच माणसं फारसीत बातम्या सांगत असतात. प्रागच्या केंद्राचं नावच 'रेडिओ फर्दा'. फर्दा म्हणजे उद्या. या बातम्यांत 'खबर', 'जवान', 'बाजार' असे शब्द येतात आणि मराठी कान टवकारतात.

मग खरखर सुरू होते. तिकडे तिला 'पाराझीत' म्हणतात. उपग्रहाला आपलं-परकं कळत नाही. ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जे वर येईल ते मोठं करून तो खाली धाडतो. त्याच फ्रिक्वेन्सीवर जमिनीवरून जोरदार गोंगाट सोडला, की शब्द बुडालेच. जून 2009च्या निवडणुकीनंतर बीबीसी फारसीच्या वाहिनीवर असाच मारा झाला. वाहिनी तेव्हा जेमतेम पाच महिन्यांची होती.

अशा वाहिन्यांमागे पैसा परदेशी सरकारांचा, म्हणून संशय घेणारे श्रोते इराणातही आहेत, आणि तो संशय मला गैर वाटत नाही. पण 1978मध्ये शहाचं सरकारही याच बीबीसीवर खवळलं होतं, हेही विसरू नये.

मी स्वतः बातम्या वाचते. बुलेटिन संपलं, की लोकल पकडून घरी. परदेशातून फारसी बातम्या देणाऱ्या या मंडळींना घर बंद आहे. 2017मध्ये बीबीसी फारसीच्या दीडशेहून अधिक आजी-माजी सहकाऱ्यांच्या इराणमधल्या मालमत्तेच्या व्यवहारांवर बंदी आली. गावी राहिलेल्या भावंडांना चौकशीला बोलावतात. आईवडील गेले, तरी कित्येकांना मातीला जाता आलं नाही. मार्च 2024मध्ये 'इराण इंटरनॅशनल' या फारसी वाहिनीचे निवेदक पूरिया झेराती यांच्यावर लंडनमध्ये, त्यांच्या घराबाहेर, सुऱ्यानं वार झाले.

इतकी किंमत मोजून चाललेल्या कामातला रेडिओ मात्र लंडननंच बंद केला. डिसेंबर 1940मध्ये सुरू झालेली बीबीसीची फारसी रेडिओसेवा मार्च 2023मध्ये थांबली. निर्णय जाहीर झाला सप्टेंबर 2022च्या अखेरीला. महसा अमिनी या तरुणीच्या पोलीस कोठडीतल्या मृत्यूनंतर बायका रस्त्यावर उतरल्या होत्या, ते दिवस. कारण सांगितलं काटकसरीचं. टीव्ही आहे, इंटरनेट आहे, असंही म्हणाले. पण नोव्हेंबर 2019मध्ये इराणनं जवळजवळ आठवडाभर सगळा देश इंटरनेटपासून तोडला होता. ही काटकसर मला पटलेली नाही.

रेडिओला गच्ची लागत नाही, डिश लागत नाही. संच उशीशी घ्यायचा, आवाज बारीक करायचा, खरखरीतून काटा हळूहळू सरकवत राहायचं.