तिसऱ्या परीक्षकाचे आसन

(दूरचित्रवाणीवरील विनोदाच्या स्पर्धा, त्यांचे परीक्षक, स्पर्धक आणि घरातला प्रेक्षक या विषयावरील भाषणाचा पाठ)



नगर जिल्ह्यातील कोणत्याही मध्यमवर्गीय घरातले रात्री नऊचे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. जेवणे आटोपली आहेत. आजी जपमाळ बाजूला ठेवून बसली आहे. वडील वर्तमानपत्राची घडी घालत आहेत. दहावीतली मुलगी मांडीवर वही घेऊन एक डोळा पडद्याकडे लावून आहे. विनोदाची स्पर्धा रंगात आली आहे. एक स्पर्धक सावळ्या मुलीचे लग्न जमत नाही, यावर विनोद करतो. परीक्षक खुर्चीतून उठून टाळ्या पिटतात. वडीलही खो खो हसतात. घरातली सावळी मुलगी वही मिटते आणि आतल्या खोलीत निघून जाते. अभ्यास राहिला असेल, असे सगळे समजतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालेल्या मंडळींत याच कार्यक्रमाची कडक समीक्षा होते. परीक्षक उगीच हसतात, स्पर्धक पाचकळ झाले आहेत, वाहिन्यांना धरबंध उरलेला नाही. या समीक्षेत एका व्यक्तीचा उल्लेख कधीच येत नाही. ती व्यक्ती म्हणजे आदल्या रात्री हसलेला प्रेक्षक. आजचा विषय त्याचा आहे.

कनातीतला न्याय

विनोदाची परीक्षा घेण्याची रीत या भूमीला नवी नाही. संगमनेर हे तमाशाचे मोठे माहेरघर. पठ्ठे बापूरावांच्या फडावर गाजलेल्या पवळाबाई या संगमनेर तालुक्यातील हिवरगावच्या. २५ मे २०२१ रोजी निवर्तलेल्या कांताबाई सातारकर यांनी आपल्या फडाचा संसार संगमनेरातच थाटला आणि त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर यांनी सोंगाड्या म्हणून महाराष्ट्रभर नाव मिळवले. गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमात बतावणी ही सोंगाड्याची खरी कसोटी. तिथे परीक्षकाची खुर्ची नसते. समोर जमिनीवर बसलेला शेतकरी, हमाल, बाजारकरी हाच परीक्षक. विनोद साधला तर फेटे उडतात, फसला तर लोक पाणी प्यायला उठतात. सोंगाड्याला तो निकाल त्याच क्षणी कळतो आणि पुढचे वाक्य तो त्या निकालाप्रमाणे बदलतो.

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात हीच गोष्ट शास्त्र म्हणून मांडली आहे. प्रयोग सिद्धीस गेला हे कशावरून ओळखावे? प्रेक्षकांचे स्मित, अर्धहास्य, मोठे हास्य, तोंडून निघालेली दाद, अंगावर उठलेले रोमांच, आनंदाने उडवलेली वस्त्रे, ही त्यांनी सांगितलेली लक्षणे. संगमनेरच्या जत्रेत उडालेला फेटा हे त्या प्राचीन लक्षणाचेच रूप होय. त्याच अध्यायात परीक्षकांचाही विचार आहे. त्यांना 'प्राश्निक' म्हटले असून ते दहा प्रकारचे सांगितले आहेत. यज्ञाचा जाणकार, नर्तक, छंदशास्त्रज्ञ, वैयाकरण, चित्रकार, धनुर्धर असे ज्याचे जे क्षेत्र, त्यात त्याने निवाडा द्यावा, अशी ती व्यवस्था आहे. प्रसिद्धी ही परीक्षकाची पात्रता मानलेली नाही.

याचा अर्थ जुने ते सारे सोवळे होते, असा मुळीच नव्हे. तमाशात द्वयर्थी संवाद होते. भरतांनीही हास्याच्या कारणांत शरीराच्या व्यंगाचे दर्शन मोजले आहे. मात्र तेवढ्यावर न थांबता त्यांनी हास्याचे सहा प्रकार केले. स्मित आणि हसित हे उत्तमांचे, विहसित आणि उपहसित हे मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित हे अधमांचे. माणूस कशावर आणि कसा हसतो यावरून त्याची पातळी कळते, ही जाण त्यामागे आहे.

उसने हसू

कनातीतला हा प्रेक्षक दिवाणखान्यात आला, तेव्हा त्याचा निकाल मंचापर्यंत पोहोचेनासा झाला. जून २००५ मध्ये स्टार वन वाहिनीवर 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' सुरू झाले. नवज्योतसिंग सिद्धू आणि शेखर सुमन परीक्षक होते. विदर्भातील हिंगणघाटचे सुनील पाल पहिल्या पर्वाचे विजेते ठरले, याचा मराठी माणसाला आनंद झाला. राजू श्रीवास्तव यांना विजेतेपद मिळाले नाही, तरी त्यांचा 'गजोधर' घराघरांत पोहोचला. परीक्षकांचा निर्णय आणि लोकांची पसंती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच दिसून आले. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट रुजली. परीक्षक स्वतःच कार्यक्रमाचे आकर्षण बनले. सिद्धूंचे गडगडाटी हसणे आणि शेरोशायरी पाहण्यासाठीही लोक बसू लागले.

मराठीत सोनी मराठी वाहिनीवर ऑगस्ट २०१८ मध्ये 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' सुरू झाली. परीक्षकांच्या आसनावर प्रसाद ओक आणि सई ताम्हणकर, निवेदनाला प्राजक्ता माळी. समीर चौघुले, नम्रता संभेराव, प्रसाद खांडेकर, गौरव मोरे असे कलावंत या मंचाने घरोघरी नेले. टाळेबंदीच्या उदास दिवसांत या प्रहसनांनी असंख्य कुटुंबांना धीर दिला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तरीही प्रेक्षकांची जुनी तक्रार इथेही ऐकू येते : परीक्षक इतके का हसतात?

या तक्रारीत तथ्य आहे, पण तिचे कारण व्यक्तीत शोधण्यापेक्षा माध्यमात शोधले पाहिजे. दूरचित्रवाणीचा कार्यक्रम एका बैठकीत जसा घडतो तसा दिसत नाही. तो तासन् तास चित्रित होतो आणि मग कापला, जोडला जातो. विनोद संपताच परीक्षकाचा हसरा चेहरा दाखवणे हा संकलनाचा भाग असतो. दिवाणखान्यात तीन-चार माणसे बसलेली असतात. एवढ्याशा मंडळीत हशा सहज उसळत नाही. म्हणून पडद्यावरचा परीक्षक प्रेक्षकाच्या वतीने हसतो. हसू संसर्गजन्य असल्यामुळे प्रेक्षक त्याच्यामागे हसतो. कनातीत सोंगाड्या प्रेक्षकाकडे पाहून शिकत असे. इथे प्रेक्षक परीक्षकाकडे पाहून शिकतो. कशावर हसायचे हे दुसऱ्याने ठरवावे आणि आपण त्यात सूर मिसळावा, या सवयीत धोका आहे. सावळ्या मुलीवरच्या विनोदाला वडील हसले ते दुष्टपणाने नव्हे. समोरचे सारे हसत होते, म्हणून ते हसले.

स्पर्धक कोण असतो?

परीक्षकांइतकाच प्रेक्षकांचा रोष स्पर्धकांवर असतो. 'याला काय येते', 'हा वशिल्याने आला' असे शेरे सहज मारले जातात. हा स्पर्धक बहुधा लहान गावातून आलेला असतो. एकांकिका स्पर्धांच्या मांडवात त्याची जडणघडण झालेली असते. नगरचा महाकरंडक ज्यांनी सभागृहात बसून पाहिला आहे, त्यांना ही मुले ठाऊक आहेत. रात्रभर तालीम करून आलेला हा मुलगा मंचावर पाच-सात मिनिटांसाठी उभा राहतो आणि त्याच्यामागे घरची ओढाताण असते. सोपा हशा कुठे मिळतो, हे त्याला अनुभवाने कळते. पुरुषाने लुगडे नेसले की हशा. जाड माणूस पडला की हशा. तोतरे बोलले की हशा. जिथे दाद मिळते तिथेच तो पुन्हा जातो. म्हणजे त्याचा अभ्यासक्रम प्रेक्षकच लिहीत असतो. पुरुषांनी स्त्रीवेश घेण्याची तक्रार करणाऱ्यांनी बालगंधर्वांचा स्त्रीवेशही आठवावा. तिथे स्त्रीचे सौंदर्य आणि शील उभे राहत असे. वेश तोच, त्यामागची दृष्टी निराळी.

श्रोत्यांच्या हशाचे बळ किती मोठे असते, याचा प्रत्यय नगर जिल्ह्याने कीर्तनाच्या मांडवातही घेतला आहे. निवृत्ती महाराज इंदुरीकर यांच्या विनोदी शैलीने हजारो तरुण कीर्तनाकडे ओढले गेले. व्यसन, हुंडा, लग्नातील उधळपट्टी यांवर त्यांनी हसवत हसवत कोरडे ओढले. २०२० च्या फेब्रुवारीत त्यांच्या एका विधानावरून मोठा वाद उठला आणि त्यांनी लेखी दिलगिरी व्यक्त केली. मांडवातला श्रोता ज्या वाक्याला टाळी देतो, तेच वाक्य मांडवाबाहेर गेले की निराळे ठरते. टाळी देणाऱ्याने आपण कशाला टाळी दिली, याचा विचार करायला हवा, हा त्यातला धडा आहे.

हशाची घसरण

या घसरणीचे टोक २०२५ मध्ये देशाने पाहिले. समय रैना यांचा 'इंडियाज गॉट लेटेंट' हा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर नव्हे, यूट्यूबवर चाले. त्यात स्पर्धकाने स्वतःला गुण द्यायचे आणि परीक्षकांच्या सरासरीशी ते जुळले तर तो जिंकला, अशी गमतीदार रीत होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये परीक्षकांच्या रांगेतील रणवीर अलाहाबादिया यांनी एका स्पर्धकाला आई-वडिलांविषयी अत्यंत अश्लाघ्य प्रश्न विचारला. संतापाची लाट उसळली, मुंबई आणि गुवाहाटी येथे कारवाई सुरू झाली आणि रैना यांनी सारे भाग काढून टाकले. १८ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अलाहाबादिया यांना अटकेपासून तात्पुरते संरक्षण दिले, पण त्यांच्या भाषेची कठोर शब्दांत निर्भर्त्सनाही केली. पुढे ऑगस्टमध्ये, अपंग आणि दुर्धर आजाराच्या रुग्णांवर केलेल्या विनोदांबद्दल रैना आणि अन्य विनोदकारांनी जाहीर क्षमा मागावी, असे न्यायालयाने सांगितले.

समाजाचा संताप योग्य होता. मात्र दोन गोष्टी विसरता येत नाहीत. त्या एका प्रश्नाआधी त्या मंचावर स्पर्धकांचा पाणउतारा अनेकदा झाला होता आणि असंख्य सुशिक्षित घरांतील मुले तो आवडीने पाहत होती. पालकांना त्या कार्यक्रमाचे नावही ठाऊक नव्हते. दुसरी गोष्ट अशी की, जिवे मारण्याच्या धमक्या येत असल्याचे न्यायालयात सांगण्यात आले. आई-वडिलांच्या प्रतिष्ठेसाठी उठलेल्याने धमकीचा आधार घ्यावा, हेही संस्कृतीला शोभत नाही. आधी बेभान हसायचे आणि मग बेभान चिडायचे, या दोन्हींत विवेक हरवलेला असतो.

प्रेक्षकाच्या हाती काय आहे?

बरेच आहे. वाहिनीचे अर्थकारण प्रेक्षकसंख्येवर चालते. ती मोजणाऱ्या 'बार्क' या संस्थेची मापकयंत्रे २०२० च्या सुमारास देशभरातील सुमारे ४४ हजार घरांत होती आणि तेवढ्यांवरून कोट्यवधींची आवड ठरवली जात होती. मापकयंत्राला 'नाक मुरडत पाहिले' आणि 'मनापासून पाहिले' यांतला फरक कळत नाही. चालू ठेवलेला संच म्हणजे पसंती. यूट्यूबवर तर प्रत्येक दर्शन मोजले जाते. शिव्या देण्यासाठी उघडलेली आणि मित्रांना पाठवलेली चित्रफीतही कार्यक्रमाची भरच करते.

तक्रारीची सनदशीर वाटही आहे. केबल टेलिव्हिजनविषयक १९९५ च्या कायद्याखाली कार्यक्रम संहिता आहे. मनोरंजन वाहिन्यांसाठी २०११ मध्ये न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार परिषद स्थापन झाली. २०२१ च्या नियमांनी तक्रारीचे तीन टप्पे ठरवून दिले : आधी वाहिनी, मग वाहिन्यांची स्वनियमन संस्था, शेवटी शासन. कार्यक्रमाचे नाव, दिवस, वेळ आणि नेमका आक्षेप लिहून सभ्य भाषेत पाठवलेले एक पत्र कट्ट्यावरच्या शंभर शेऱ्यांहून मोलाचे असते. तितकेच मोल चांगल्या विनोदाला दिलेल्या दादेचे आहे. ज्या स्पर्धकाने कोणाचे व्यंग न काढता घर हसवले, त्याला चार ओळी लिहिणारे किती निघतात?

परंतु कायदा आणि नियम यांच्या आधी घर येते. विनोदाची पारख करण्यासाठी घरात तीन साधे प्रश्न पुरेत. हा विनोद ज्याच्यावर केला, तो समोर बसला असता तर हसला असता का? बोलणाऱ्याने स्वतःला हास्यास्पद केले की दुबळ्याला? आणि हाच विनोद उद्या आपल्या मुलाने वर्गात कोणावर केला, तर चालेल का? एकनाथांच्या भारुडांतील सोंगे शतकानुशतके माणसाला हसवत आली, कारण त्या हास्याचा रोख ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या अहंकाराकडे आणि लोभाकडे होता. हसणारा हसता हसता अंतर्मुख होत असे.

पुन्हा एकदा त्या घराकडे वळू या. रात्रीचे नऊ वाजले आहेत. तोच कार्यक्रम, तसाच स्पर्धक, परीक्षकांच्या तशाच टाळ्या. या वेळी वडील हसत नाहीत. ते संचाचा आवाज कमी करतात आणि सहज म्हणतात, "यात हसण्यासारखे काय होते?" आजी मान डोलावते. भाषण नाही, आदळआपट नाही. मुलगी वहीतून डोळे वर करते आणि वही न मिटता तिथेच बसून राहते.

परीक्षकांची दोन आसने वाहिनी ठरवते. तिसरे आसन प्रत्येक घरात आहे आणि त्यावर कोणी व कसे बसायचे, हे त्या घरानेच ठरवायचे आहे.